हजेरीची वही

आमच्या शाळेसमोर एक हुतात्मा स्तंभ आहे.
मधल्या सुट्टीत पोरं त्याच्या कट्ट्यावर डबे सोडतात,
शनिवारी शिपाई वर ओली सतरंजी वाळत घालतो.
पाच नावं. त्याखाली वीतभर कोरा संगमरवर.

बावीस वर्षं झाली, मी इथं इतिहास शिकवतो,
चाळीस मार्कांचा, त्यातही नागरिकशास्त्र वाटेकरी.
‘सर, हे परीक्षेला येतं का?’
नाही म्हटलं की नववी ब
पेनांची टोपणं लावते, सगळी एकदम.

लिगाया ओर्बिता फिलिपिन्सहून आली होती
उसाचं बेणं बघायला, कारखान्याची पाहुणी;
गेस्टहाऊसची मोटर जळाली म्हणून आमच्याकडे उतरली.
तिनं खर्डा पुन्हा मागून घेतला
आणि सकाळी माझ्याबरोबर शाळेत आली.

मी मोडकंतोडकं मराठीत सांगत गेलो:
त्यांच्याकडे कॉलेजात एका माणसावर अख्खा विषय असतो,
कायद्यानंच. डोळ्यांचा डॉक्टर होता.
पस्तिसाव्या वर्षी स्पेनच्या सरकारनं
सकाळी मैदानात पाठमोरा उभा करून मारला.
बंदुका धरणारे शिपाई मात्र ह्यांच्याच मुलखातले होते.

पोरं गप्प. ती म्हणाली, आम्हीपण कंटाळायचो.
तारखा, पुन्हा तारखा.
मग एक दिवस बाईंनी पुस्तक मिटलं
आणि विचारलं, तुमची आडनावं काय?
ओर्बिता, ओल्बेस, ओर्तेगा, ओकांपो…
माझं सगळं गाव ‘ओ’पासून सुरू होतं.
कारण एका गव्हर्नरनं आडनावांची यादी छापली,
ह्या गावाला हे पान, त्या गावाला ते,
म्हणजे पट्टीची वसुली सोपी.
त्या दिवशी मी घरी गेले
आणि दारावरची पाटी पहिल्यांदा वाचली.

सुट्टीत ती स्तंभापाशी उभी राहिली.
‘ही जागा कुणाची?’

मी म्हणालो, पैसे संपले असतील.
कधी कुणाला विचारलंच नव्हतं.
कट्ट्यावर केरबाअप्पा तंबाखू मळत होते, म्हणाले,
रामोशवाड्यातला एक होता की. पत्रीसरकारात.
नाव काय? ते अप्पांना आठवेना.
‘त्येचं नाव लिवलंय कुठं, तर ते चोरांच्या वहीत.’

वही पोलीस पाटलांच्या नातवाकडे निघाली,
पत्र्याच्या पेटीत, सोसायटीच्या जुन्या पावत्यांखाली.
मोडी मला अडखळत येते.
रामोशवाड्यातल्या प्रत्येक बाप्यानं
रोज रात्री चावडीवर यायचं, नाव पुकारलं की ‘जी’ म्हणायचं;
गुन्हा काय, तर जन्म.
अकरावं नाव: येसू बाळा मदने.
हजर, हजर, हजर, पानंच्या पानं हजर,
कारकुनाचा टाक कंटाळून बारीक होत गेलेला.
आणि त्रेचाळीसच्या श्रावणातल्या एका रात्रीपासून
गै.
गै.
गै.
पुढं दोन वर्षं, वही संपेपर्यंत.

एवढंच. फोटो नाही, पेन्शन नाही, भाषण नाही.
ज्यांनी त्याला मोजला त्यांच्याच शाईत
तो मोजणीतून निसटलेला.

लिगायानं त्या अक्षरावर बोट ठेवलं नाही,
जरा वर धरलं, कागद झडेल म्हणून.
पोरं वहीभोवती इतकी दाटली
की मला उजेड पुरेना.
मागच्या बाकावरचा सुरज मदने पुढं आला
आणि म्हणाला, ‘सर, हे परीक्षेला येतं का?’
ह्या वेळी त्याचा आवाज निराळा होता
आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ती गेली. बेण्याचे डोळे ओल्या गोणपाटात बांधून.
ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय,
सरपंच म्हणतात, पुरावा जोडा.
जोडलाय: बारा पानांची झेरॉक्स, नुसती गैरहजेरी.

काल हजेरी घेत होतो.
तेवीस नंबर आला नव्हता.
पेन टेकवला आणि तसाच राहिलो.
‘गै’ लिहिण्याआधी विचारलं,
कुठं गेलाय रे तो?
सगळा वर्ग खिडकीबाहेर बघायला लागला.